जिथं माणूस पडला

"मावशी, आपला देश त्या कोर्टाचा सभासदच नाही! आता किती वेळा सांगू?" दीपक वकिलानं फाईल मिटून टेबलावर आपटली.

दगडाबाई खुर्चीतून हलल्या नाहीत. निमगाव केतकीहून बारामतीला एसटीनं हा त्यांचा चौथा हेलपाटा. दर वेळी तोच कागद आणि तेच उत्तर. त्यांचा लेक युवराज संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आफ्रिकेतल्या एका देशात गेला होता. पाण्याच्या टँकरवर ड्यूटी होती, तिथंच बंडखोरांनी त्याला गोळ्या घातल्या. आता त्या बंडखोरांचा म्होरक्या सापडला होता आणि हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात त्याच्यावर खटला उभा राहिला होता. मेलेल्यांच्या घरच्यांनी अर्ज भरला, तर त्यांचं म्हणणं न्यायाधीशांपुढं जाणार होतं. युवराजच्या पलटणीतल्या सार्थकनं तो अर्ज फोनवर पाठवला होता. मुदत उद्याची.

"त्यो मानूस कोर्टात सांगतोय, आमच्या पोरांनी आदी गोळी झाडली," दगडाबाई म्हणाल्या. "धडधडीत खोटं! मी तवा फोनवर व्हिडिओत बगत हुते त्याला. बायांना म्हनत हुता, रांगेत या, रांगेत या. बंदूक न्हवती त्याच्याकडं. हातात पाइप हुता पान्याचा."

"खरं असेल हो. पण मी काय करू?" दीपकनं कपाळाला हात लावला. बाहेर बाकावर तीन अशील ताटकळले होते. "हे बघा, आपल्या साखर कारखान्याचं सांगतो. सभासद व्हायचं तर अर्ज करायचा, शेअर घ्यायचा, पोटनियम मान्य करायचे. देशांचंही तसंच असतं. आधी करारावर सही. मग सरकारची पक्की मंजुरी. मग आपल्या घरात तसा कायदा. सव्वाशे देश असे सभासद झालेत. आपण सहीसुद्धा केलेली नाही."

"का न्हाय केली?"

"ते मला काय विचारता? दिल्लीला विचारा!"

"पोराला तिकडं धाडायच्या कागदावं तर केली हुती की."

दीपकला आणखीच चीड आली. त्यानं उगाच दोन कागद इकडचे तिकडं केले. बाई उठेल म्हणून वाट पाहिली. बाई कसली उठते!

"मग त्या देशानं शेअर घेतलाय का?" दगडाबाईंनी विचारलं.

"कुठल्या देशानं?"

"युवराज पडला त्या."

"त्याचा इथं काय संबंध, मावशी?"

"हाय की. आमचं मालक गाडीवरनं पडून गेलं, तवा दोन ठान्यांच्या शिवंवर पडलं हुतं. ह्यो हवालदार म्हनं तुमच्यात, त्यो म्हनं तुमच्यात. दोन तास मानूस उनात. मी म्हनलं, आवो, आमी निमगावचं, आमच्याकडंच नोंदवा. तर माझ्यावरच खेकसला. म्हनं, मावशे, मानूस कुठला ते नसतंय बगायचं, पडला कुठं ते बगायचं. मग टेप लावून मोजलं."

दीपक तोंड उघडून बसला. "मावशी, ते ठाणं आहे, हे आंतर..." आणि मध्येच थांबला. मग त्यानं कॉम्प्युटर पुढं ओढला आणि तो करार उघडला. कलम बारा. एकदा वाचलं. परत वाचलं. आरोपीचा देश सभासद असला तरी चालेल, किंवा जिथं गुन्हा घडला तो देश सभासद असला तरी चालेल. मेलेला माणूस कुठला, याचा त्या कलमात शब्दही नव्हता.

मग त्यानं सभासदांची यादी काढली. तो देश यादीत होता. वीस वर्षांहून जास्त काळ होता.

"आयला!" दीपकच्या तोंडून निघून गेलं. भिंतीवर कायद्याच्या दोन पदव्या फ्रेम करून टांगल्या होत्या, आणि त्यानं त्या यादीत फक्त भारताचं नाव शोधलं होतं. नाही सापडलं, की झालं, बाईला वाटेला लावलं. त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"काय झालं?"

"बरोबर आहे तुमचं. अर्ज करता येतोय." त्याची मान वर होईना. "मी नीट बघितलंच नव्हतं."

"तीन येळा माघारी लावलं की वो मला," दगडाबाईंचा आवाज चढला. "उद्या मुदत गेली असती, मग? माझ्या पोराच्या नावावं त्ये खोटं तसंच ऱ्हायलं असतं. कुनी पुसलं असतं त्ये?"

"चुकलं माझं, मावशी."

"चुकलं तर भरा आता. रडत बसू नगा."

दीपकनं बाहेरच्या तिघांना दुपारनंतर यायला सांगितलं. अर्ज इंग्रजीत होता, तो वाचून सांगत होता आणि दगडाबाई बोलत होत्या. नाव. गाव. मयताशी नातं. मग घडलेली हकीकत. टँकर, बायांची रांग, पाइप, मग फोनमधला आवाज. त्या एकदाही अडखळल्या नाहीत. दीपक शब्दन् शब्द लिहून घेत होता.

एक रकाना मध्येच राहून गेला होता. त्यानं तो भरला आणि पान उलटायला घेतलं.

दगडाबाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. "ह्ये काय लिवलं?"

"इंडियन. म्हणजे तुम्ही कुठल्या देशाच्या, ते विचारलंय. भारतीय."

दगडाबाईंनी त्या अक्षरांवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "त्ये लिवल्यानं अर्ज माघारी तर न्हाय ना यायचा?"