सोडायचा हुकूम

वर्ध्याच्या कॉलेजात कॉम्प्युटरची चार टर्मिनल होती आणि प्रिंटर एकच. चौघांचे कागद एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकानं आधी प्रिंटर धरायचा आणि काम झालं की सोडायचा. एक जण सोडायला विसरला की बाकीचे तिघे ताटकळायचे. नलूनं वर्षभर खपून यंत्रणेचा तो गाभाच नव्यानं लिहिला होता. आज परीक्षेत तो अडला, तर ती नापास.

"धरायचा हुकूम दिसला. सोडायचा कुठे आहे?" नागपूरहून आलेल्या परीक्षकांनी विचारलं.

"ठेवलाच नाई, सर. माणूस विसरते."

परीक्षक हसले. त्यांनी मुद्दाम असा प्रोग्राम लिहिला, की तो प्रिंटर धरेल आणि शून्यानं भागाकार करून तिथंच मरेल. "मेलेला काही कडी काढायला परत येत नाही, बाई."

"कडी त्याच्या हाती देलीच नाई, सर. तो गेला की दार आपोआप उघडते."

त्यांनी बटण दाबलं. प्रोग्राम मेल्याची ओळ पडद्यावर उमटली. शेजारच्या टर्मिनलवर प्रिंटरच्या रांगेत असलेला तिचा वर्गमित्र ओमप्रकाश कुजबुजला, "नले, माह्या पानाचीबी तेरवी करा लागते का आता?"

दोन सेकंदांनी प्रिंटर खडखडला आणि ओमप्रकाशचं पहिलं पान बाहेर आलं.