आप्पांची घोंगडी

थर्मासचं झाकण करकरलं आणि दगडी झोपडीतली शांतता मोडली. साउथ आयलंडच्या लांबलचक प्रवासात सुखदा लेकीला घेऊन चहापुरती थांबली होती. मेंढ्यांचे कळप हाकत नेणारे पूर्वी इथे मुक्कामाला असत. त्यांच्या खाटेवर जाडंभरडं काळं ब्लँकेट होतं. लेकीने त्याला गाल लावला. “आई, सो स्क्रॅची.” “आजोबांची घोंगडी अश्शीच होती. तेही मेंढरं राखायचे.” वडिलांचं इकडे यायचं ठरलं तेव्हा त्यांनी फलटणहून फोनवर विचारलं होतं, “पोरी, घोंगडी आणू नव्हं? तिच्याबिगर झोप न्हाई लागत.” नवऱ्याच्या मित्रांसमोर खांद्यावर घोंगडी टाकलेले आप्पा तिच्या डोळ्यांपुढे आले. लोकरीच्या वस्तू तपासून आत सोडतात हे ठाऊक असूनही ती म्हणाली, “विमानतळावर काढून घेतात, आप्पा.” “मग ऱ्हाऊ दे. तूच ये.” ती गेली ती त्यांच्या दहाव्याला. लेकीने वर पाहिलं. “आजोबा आपल्याकडे कधीच का नाही आले?”