क्रांतीची मान

"वैनी, म्हशीसमोर पोरीची मान वळवू नगासा. म्हस नादाला लागती," दारात म्हैस आणून दूध काढून देणारे गुंडूमामा म्हणाले होते. मी हसले.

माझ्या लेकीच्या, क्रांतीच्या मानेचा उजवा स्नायू जन्मापासून आखडलेला. तोंड कायम डावीकडं. हा स्नायू कानामागून गळ्याच्या हाडापर्यंत जातो. "जनावरात तो पुढच्या पायापर्यंत उतरतो, पाय पुढं ओढतो," डॉक्टर मॅडमनी सांगितलं होतं.

चार महिने रोज सकाळी गॅलरीत मी तिची मान उजवीकडं वळवली. प्रत्येक वेळी खाली म्हैस पुढचा पाय उचलायची आणि जागीच टेकवायची.

आज क्रांतीनं आपणहून मान वळवली! थेट उजव्या खांद्यापर्यंत! मी ओरडलेच, "जिंकलीस की गं पोरी!" ती खिदळली. पुन्हा डावीकडं, पुन्हा उजवीकडं. थांबायलाच तयार नाही.

मान वळली की जिन्यात एक खूर वाजतो. चौदा पायऱ्या झाल्या.

एवढ्या कष्टानं वळलेली मान धरून थांबवायला माझं मन धजत नाही. मी टाळ्या वाजवतेय.

पण म्हशीचा दोर गुंडूमामा मनगटाला गुंडाळून ठेवतात, आणि आता माझ्या हाकेला ओ देत नाहीत. तुम्ही खाली असाल, तर त्यांना तेवढं बघाल का?