राखीव लाइन

दुपारपासून ताईचा फोन नुसता वाजत होता. उचलेल तर शपथ! दादा पुन्हा पुन्हा लावत होता. ताई एकटी राहायची, आणि पहिल्या रिंगला फोन उचलायची तिची ख्याती होती.

सांगायची बातमीही तशीच मोठी होती. कंपनीच्या दोन्ही ऑफिसांतले जुने मेनफ्रेम कॉम्प्युटर आज कायमचे बंद झाले. खोली खोली अडवून बसलेली ती धुडं! एका टोकाला दादा असायचा, दुसऱ्या टोकाला धाकटा भाऊ. काय दिवस होते ते! भर उन्हाळ्यात स्वेटर घालून यंत्रांसाठी लावलेल्या एसीच्या गारठ्यात बसायचं, आणि इकडची माहिती तिकडे धड पोचली की दोघांनी आपापल्या टोकाला टाळ्या पिटायच्या. हे धाकट्याला कळवायलाच हवं होतं. पण कळवायचं ते ताईमार्फत.

दोन्ही यंत्रांना जोडणारी थेट लाइन धाकट्यानं जीव ओतून उभारली होती. तिसऱ्या यंत्रावरून वळसा घालून माहिती नेणारा रस्ता मात्र जास्त वेगवान निघाला. वेग मोजायचं काम दादाचं. त्यानं वळशाचा रस्ता पहिला ठेवला, धाकट्याची लाइन राखीव, पहिला बंद पडला तरच वापरायची. "सख्ख्या भावाला अडगळीत टाकलंस," धाकटा म्हणाला आणि त्यानं बोलणंच टाकलं. तेव्हापासून इकडचं तिकडे ताईच करत आली. त्यात तिचे केस पिकले.

दर रविवारी दादा चालू रस्ता मुद्दाम बंद करायचा. मग यंत्र आपणहून राखीव लाइन धरायचं. डबा घेऊन आलेली ताई हसायची, "धडधाकट रस्ता बंद करतोस? डोकं फिरलंय का तुझं?"

"त्याशिवाय राखीव जिवंत आहे की मेली, कळणार कसं?"

ती दर वेळी जिवंत निघायची. धाकट्याला हे सांगायचं मात्र राहूनच गेलं.

दिवेलागण झाली तसा दादाचा धीर सुटला. चुलीत गेला तो मानपान! त्यानं धाकट्याचा नंबर फिरवला. तो पाठ होता, पण आजवर कधी लावला नव्हता.

"अरे, मी बोलतोय. ताई फोन उचलत नाहीये रे. तुला काही कळलंय का?"

पलीकडून धाकट्याचा आवाज आला, "दादा... ताई सकाळपासून माझ्याकडेच आहे. तिचा फोन वाजतोय, पण ती मलाही उचलू देईना."

मागून ताई ओरडली, "जिवंत आहे रे राखीव लाइन!"