गच्चीवरचा स्वेटर

अकोल्यातला एप्रिल, बेचाळीस अंश, आणि बेबीताई गच्चीवर टाकीच्या सावलीत स्वेटर घालून पापड लाटत होत्या. पूर्वी त्या तासाला साठ लाटायच्या, वर अख्ख्या गल्लीची खबरबात द्यायच्या. आता बारा पापडांनंतर पोळपाटावरच डुलकी लागायची.

"लाटणं माझ्याकडे द्या," शेजारची कुंदा म्हणाली. "तुम्ही नुसत्या बसून राहा. बुजगावणं समजून कावळे येणार नाहीत."

बेबीताईंना ते लागलं. वीस वर्षं त्या गच्चीवर त्यांचाच शब्द चालायचा.

डॉक्टरीणबाईंनी नवा रिपोर्ट पाहिला. "गळ्यातली थायरॉइड ग्रंथी शरीराचा वेग ठरवते. तुमची अजून पेंगतेच आहे. गोळी रिकाम्या पोटी घेता ना?"

"अगदी रिकाम्या. चहाबरोबर."

"चहा?"

"चहा म्हणजे काय खाणं झालं? आमच्याकडे निर्जळी उपासालाही चालतो."

"देवाला चालत असेल, गोळीला चालत नाही. पाण्याबरोबर गोळी घ्यायची, चहा तासाभराने."

तो एक तास बेबीताई रोज रिकाम्या पातेल्याकडे बघत बसायच्या. असे सहा आठवडे गेले.

मेअखेरीस, शेवटच्या पापडांच्या दिवशी, त्यांनी एकाएकी स्वेटर काढून दोरीवर टाकला. "काय मेलं उकडतंय."

कुंदाने मुकाट्याने लाटणं परत केलं. बायकोला उकडलं म्हणून गजाननराव पेढे आणायला गेले.