परदेशी विद्यार्थी : एक

पासपोर्ट निळा नव्हता. झेरॉक्स काढण्याआधी सुधाताईंनी तो उलटापालटा करून पाहिला आणि खुर्चीतूनच हाक मारली, "सर, ही नेपाळची आहे."

विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षाचे संचालक डॉ. देवव्रत गायधनी सकाळपासून एका शून्याकडे बघत बसले होते. अकरा वाजता मूल्यांकन समिती यायची होती. अकरा देशांतल्या विद्यापीठांशी करार झाले होते. भिंतीवरच्या नकाशात नाशिकपासून अकरा रंगीत दोरे निघाले होते, प्रत्येकाच्या टोकाला टाचणी. करार करायला कुणाला इथे येऊन राहावं लागत नाही, त्यामुळे ते सोपं गेलं होतं. अहवालाचं शेवटचं पान मात्र छापायचं राहिलं होतं, आणि त्यात 'परदेशी विद्यार्थी' या रकान्यात शून्य होतं.

सर तरातरा बाहेर आले. टेबलासमोर रोशनी थापा उभी होती. एम.एस्सी. पर्यावरणशास्त्र, दुसरं वर्ष. ऑक्टोबरमध्ये एका सत्रासाठी जर्मनीला पाठवायच्या यादीत तिचं नाव पहिलं होतं. त्यासाठीच ती पासपोर्ट द्यायला आली होती.

"तू नेपाळची आहेस?"

"पासपोर्ट तिकडचा आहे, सर. मी एकलहऱ्याची. पप्पा तिथल्या वीज केंद्राच्या राखेचा टँकर चालवतात."

"मग आधी सांगितलं का नाहीस?"

"कोणी विचारलं नाही."

तेवढ्यात फोन आला. समितीची गाडी द्वारकेला ट्रॅफिकमध्ये अडकली होती. द्वारकेच्या चौकाने आजवर कुणाचं भलं केल्याचं ऐकिवात नाही, पण त्या दिवशी सरांना अर्धा तास मिळाला. त्यांनी तो वाया घालवला नाही. स्वतः खुर्चीवर चढून काठमांडूत टाचणी खोचली. शून्याच्या जागी एक टाइप करून शेवटचं पान छापून घेतलं. कपाटातून एक कोरा फॉर्म निघाला, 'परदेशी विद्यार्थी नोंदणी'. तीन वर्षांपूर्वी छापलेला गठ्ठा होता, तो तोवर सोडलेलाही नव्हता.

"इथे सही कर," सर म्हणाले. "समितीसमोर इंग्लिशमध्येच बोल. नेपाळी दोन वाक्यं टाकलीस तरी चालेल. मराठी नको. फार तर नमस्कार म्हण."

"सर, मला नेपाळी नीट येत नाही. आई बोलते, मी मराठीत उत्तर देते."

"त्यांना तरी कुठे येतंय?"

रोशनीने पेन उचललं. सुधाताई आता झेरॉक्स मशीनपाशी होत्या. एकोणीस वर्षं नोकरी झालेल्या बाई, सगळे नियम पाठ. त्या मशीनकडेच बघत बोलल्या, "सर, हिने सही केली की जर्मनीच्या यादीतून हिचं नाव जाणार. ती जागा नियमित प्रवेशाच्या मुलांची आहे. मग दोन नंबरवरचा आल्हाद जाईल."

रोशनीचा हात फॉर्मवरच थांबला.

"म्हणजे आपल्या मुलांसाठी आहे ती," सरांनी समजावलं. "अगं, एवढं काय? पुढच्या वर्षी बघू."

"सर, माझं हे शेवटचं वर्ष आहे."

सरांना वाईट वाटलं. खरंच वाटलं, कारण एकलहऱ्याच्या राखेत नाचणी पिकवायचा तिचा प्रकल्प त्यांनीच जर्मनीला पाठवला होता आणि तिकडून आलेलं कौतुकाचं पत्र फ्रेम करून लावलं होतं. पण रकाना त्याहून मोठा होता.

"विद्यापीठासाठी एवढं करशील ना?" ते म्हणाले. "आपलं विद्यापीठ आहे."

 रोशनी फॉर्म घेऊन बाकावर जाऊन बसली. तिने तो दोन्ही बाजूंनी वाचला. 'भारतात आल्याचा दिनांक' या ओळीपाशी ती बराच वेळ अडली. पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. तिला तिच्या आईचा रागही आला, कारण पासपोर्ट काढायला दिल्लीच्या नेपाळी वकिलातीत जाताना सगळ्यात खूश आईच होती.

समिती साडेअकराला आली. अध्यक्ष कोल्हापूरच्या निवृत्त प्राध्यापिका होत्या, गुडघे दुखत असल्याने आल्या आल्या बसल्या. त्यांनी अहवाल थेट शेवटच्या पानापासून उघडला, रकान्यातला 'एक' पाहिला, मग नकाशात दोरा नसलेली एकुलती एक टाचणी पाहिली.

"ही आमची विद्यार्थिनी," सरांनी रोशनीला पुढे केलं. "फ्रॉम नेपाळ."

बाईंनी हसून इंग्रजीत विचारलं, घरापासून इतक्या लांब राहताना सगळ्यात अवघड काय गेलं?

सरांनी मान हलवून तिला धीर दिला. रोशनीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा हातातल्या फॉर्मकडे.

"घर लांब नाही, मॅडम," ती मराठीत म्हणाली. "एकलहऱ्याची बस वेळेवर आली तर पाऊण तास लागतो. माझा जन्म नाशिकरोडचा आहे."

 सुधाताईंनी उगाचच एक फाइल उघडली. बाईंनी चष्मा काढला, रकान्यावर बोट ठेवलं आणि त्याही मराठीत आल्या.

"मग ही परदेशी विद्यार्थिनी कुठे आहे?"

रोशनीने सही न केलेला फॉर्म टेबलावर ठेवला.

"ती अजून झाली नाही, मॅडम. ऑक्टोबरमध्ये जर्मनीला पाठवलंत तर मीच होईन. तिकडे."