निशाणी बांगडी

नवऱ्यामागे हिरड्याचा व्यापार चालवणाऱ्या गोजाबाईने मुंबईच्या बँकेतून चेकबुक मागवलं, तेव्हा जव्हारचा अख्खा बाजार हसला. लिहिता न येणाऱ्या बाईने सहीच्या जागी बांगडीचं वर्तुळ काढायचं, ही रीत. गोजाबाईच्या हातात आता बांगडी उरली नव्हती. म्हणून तर तिने हट्टाने सही गिरवली होती.

भर दुपारी मुनीम मधूने टपालातून आलेलं चेकबुक उघडलं आणि भराभर पानं उलटली. प्रत्येक कोऱ्या चेकवर, सहीच्या जागी, शाईचं ओलं वर्तुळ होतं.

"बाई, हेही परत पाठवू?"

"पहिलं पाठवलं, तर हे तसंच आलं. आता नाही."

"पण तुमची निशाणी कोणीतरी आधीच केलीय."

"करू दे. नाव माझं, सही माझीच."

तिने टाक दौतीत बुडवला आणि त्या वर्तुळावरच नाव लिहायला घेतलं. पहिल्या अक्षराला बांगड्या किणकिणल्या. मधूने दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. आवाज बाईंच्या मोकळ्या मनगटातून येत होता.

दुसऱ्या अक्षराला मनगटावर गोल वळ उठला आणि आत रुतत गेला.

"आवळ, किती आवळायचं ते," गोजाबाई म्हणाली आणि तिने तिसरं अक्षर काढायला घेतलं.